न विचारण्याची फी : एब रूफची कारकीर्द



भ्रष्टाचारावर बोला असं संयोजकांनी सुचवलं तेव्हा आम्ही एकच अट घातली. उदाहरण आपल्या गावातलं घेणार नाही. गावातलं घेतलं की पहिल्या पाच मिनिटांत श्रोत्यांचे दोन तट पडतात आणि पुढचं व्याख्यान आमच्याऐवजी तेच देतात. म्हणून आज सव्वाशे वर्षं मागे, सॅन फ्रान्सिस्कोला जायचं आहे.

माणसाचं नाव अब्राहम रूफ. गाव त्याला एब म्हणे. धंद्याने वकील. तो महापौर नव्हता, नगरसेवक नव्हता, पण १९०२ ते १९०६ या काळात त्या शहरात ट्रामची तार कुठून जाईल, गॅसचा दर काय राहील, कोणत्या हॉटेलला दारूचा परवाना मिळेल, हे त्याच्या कचेरीत ठरत असे. शेवटी तो तुरुंगात गेला. एवढ्यावर गोष्ट संपली असती तर तुमचा वेळ घेण्याचं कारण नव्हतं. आमचा मुद्दा ही गोष्ट ज्या रीतीने सांगितली जाते त्या रीतीबद्दल आहे. ती सांगणाऱ्यांनी रूफला नीट वाचलेला नाही, असं आमचं मत आहे. यात खुद्द रूफही आला.

आधी प्रचलित वाचन पाहू. रूफचा जन्म १८६४चा, सॅन फ्रान्सिस्कोचाच. घरचे फ्रेंच ज्यू व्यापारी. मुलगा विलक्षण हुशार. बर्कलीच्या विद्यापीठातून अभिजात भाषा घेऊन अठराव्या वर्षी पदवीधर झाला, आणि एकविसाव्या वर्षी वकिलीची सनद मिळवली. पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय होता 'राजकारणातील शुचिता'. हसू नका, खरंच होता. पुढे त्याने दोन मित्रांबरोबर नगरसुधारणेसाठी एक मंडळही काढलं. त्यातला एक फ्रँकलिन लेन, जो पुढे अध्यक्ष विल्सन यांच्या मंत्रिमंडळात गेला. दुसरा जॉन विगमोर. आपल्यात कोणी वकील बसले असतील तर त्यांना हे नाव ठाऊक असेल. पुराव्याच्या कायद्यावरचा मोठा ग्रंथ लिहिणारा तोच हा विगमोर. तिघं मित्र एकाच ध्येयाने निघाले आणि एक जण सॅन क्वेन्टिनच्या तुरुंगात पोचला.

यावरून जे कथानक तयार होतं ते आपल्या परिचयाचं आहे. आदर्शवादी तरुण राजकारणात शिरतो, चिखल लागतो, मोह होतो, घसरतो. १९१२ साली रूफने तुरुंगातून आत्मकथन लिहिलं, ते 'बुलेटिन' या दैनिकात क्रमाने छापून आलं. त्याचं नावही असंच आहे, 'मी चाललो तो रस्ता'. रस्ता म्हटला की चालणाऱ्याची जबाबदारी थोडी कमी होते, बरं का. रस्ता वळला, आम्ही वळलो.

तत्त्वज्ञानात या घसरणीला जुनं नाव आहे. ॲरिस्टॉटलने ज्याची चर्चा केली तो इच्छादौर्बल्याचा प्रश्न: चांगलं काय ते कळतं, पण ऐन वेळी हातून होत नाही. आम्ही वर्गात हा प्रश्न अनेक वर्षं शिकवला, आणि विद्यार्थी दरवर्षी पुढाऱ्यांचीच उदाहरणं द्यायचे. पण रूफच्या बाबतीत हे लागू पडत नाही. दौर्बल्य म्हणायचं तर एखादा दुबळा क्षण दाखवता आला पाहिजे. इथे तो सापडत नाही. इथे प्रत्येक पाऊल मसुदा करून टाकलेलं आहे.

त्याच्याच आत्मकथनातला एक प्रसंग घ्या. नुकताच वकील झालेला रूफ रिपब्लिकन पक्षाच्या एका स्थानिक सभेला जातो. सभा एका खाणावळीत. तिथे माणसं किती? खाणावळीचा मालक आणि एक दारूच्या गुत्त्याचा मालक. ते सांगतात, सभा होऊन गेली, उपस्थिती उत्तम होती, पदाधिकारी एकमताने निवडले गेले, आणि आता तुम्ही शिकलेले आहात तर वर्तमानपत्रासाठी वृत्तान्त तेवढा लिहून द्या. रूफ लिहून देतो. न झालेल्या सभेचं इतिवृत्त! आपल्याकडच्या सहकारी सोसायट्यांत वावरलेल्यांना यात नवल वाटणार नाही. पण रूफ हा प्रसंग राजकारण कसं असतं हे मला तिथे कळलं, अशा थाटात सांगतो, जणू तो प्रेक्षक होता. वास्तविक त्या खोलीत एकच कृती घडली, आणि ती त्याने केली. बाकीच्या दोघांना बोलता येत होतं, लिहिता येत नव्हतं. जे घडलं नाही त्याला कागदावर घडल्याचं रूप द्यायचं, ही त्याची पहिली राजकीय सेवा.

१९०१ साली शहरात मोठा संप झाला. माल वाहणारे गाडीवान आणि बंदरावरचे कामगार रस्त्यावर आले. महापौर फेलन यांच्या पोलिसांनी मालकांच्या गाड्यांना संरक्षण दिलं. कामगार चिडले आणि युनियन लेबर पार्टी उभी राहिली. तिच्याकडे राग होता, उमेदवार नव्हता. रूफने उमेदवार दिला: यूजीन श्मिट्झ, नाटकगृहातल्या वाद्यवृंदाचा संचालक, वादकांच्या युनियनचा अध्यक्ष, उंच, देखणा, दाढीवाला. आपण राज्यकारभार कसा करणार असं त्याला वाटत होतं. ते आम्ही पाहू, असं रूफचं म्हणणं. श्मिट्झ निवडून आला, १९०३ला पुन्हा आला, आणि १९०५ला तर पक्षाचे अठराच्या अठरा नगरसेवक निवडून आले. (तिथे त्यांना सुपरवायझर म्हणतात, आम्ही नगरसेवकच म्हणू.) हा विजय खुद्द रूफलाही जड गेला. हे लोक घराचा रंगसुद्धा खरवडून खातील, अशा अर्थाचे उद्गार त्याच्या नावावर आहेत. दर रविवारी रात्री सगळे त्याच्यासमोर बसत आणि सोमवारच्या सभेत कोणी काय बोलायचं ते ठरे.

आता मुख्य गोष्ट. पैसे कसे येत?

फ्रेंच रेस्टॉरंटांचं प्रकरण बघा. सॅन फ्रान्सिस्कोत 'फ्रेंच' म्हणवणारी काही हॉटेलं होती. खाली उत्तम जेवण, वरच्या मजल्यांवर खोल्या. खोल्या कशासाठी, ते सारं शहर जाणून होतं. १९०५च्या सुरुवातीला पोलीस कमिशनने त्यांचे दारूचे परवाने अडवून धरले. हॉटेलवाल्यांनी रूफला वकील नेमलं. वर्षाला पाच हजार डॉलर, दोन वर्षांसाठी. रूफ कमिशनपुढे उघडपणे उभा राहिला, त्यांची बाजू मांडली, परवाने मिळाले. फीतला अर्धा वाटा महापौरांकडे गेला.

इथे जरा थांबू. यात चूक नेमकी कुठे आहे? अशिलाने वकील नेमला, वकिलाने काम केलं, फी घेतली. लाच टेबलाखालून जाते. ही तर टेबलावरून गेली. कान्टने १७९५च्या शाश्वत शांततेवरील निबंधात एक कसोटी दिली आहे. इतरांच्या हक्कांशी संबंध असलेलं जे कृत्य, ज्याचं सूत्र उघड सांगताच येत नाही, ते अन्याय्य. आम्हांला ही कसोटी फार आवडते, आणि लाचेवर बोलताना सगळे तीच लावतात. पण रूफची फी तिच्यातून निम्मी पार पडते. मी यांचा वकील आहे हे तो चारचौघांत सांगत होता. झाकलेला होता तो पुढचा वाटा. कान्टने स्वतःच एक इशारा दिलेला आहे, जो बरेच जण वाचत नाहीत: ही कसोटी एकाच दिशेने चालते. उघड सांगता येतं म्हणून कृत्य न्याय्य ठरत नाही, कारण जो पुरेसा बलवान आहे त्याला लपवण्याची गरजच नसते.

हा इशारा ध्यानात ठेवून ट्रामच्या प्रकरणाकडे या. युनायटेड रेलरोड्स ही शहरातली मोठी ट्राम कंपनी. तिचा अध्यक्ष पॅट्रिक कॅलहून, अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष जॉन कॅलहून यांचा नातू, मोठा खानदानी गृहस्थ. कंपनीला विजेच्या तारा डोक्यावरून न्यायच्या होत्या, कारण ते स्वस्त. नागरिकांपैकी अनेकांना त्या जमिनीखालून हव्या होत्या. वाद चालू असतानाच १८ एप्रिल १९०६ला भूकंप झाला, नंतर आगीने शहर खाल्लं. लोक तंबूत राहत होते. भूकंपाला जेमतेम महिना झाला आणि मे महिन्यात नगरसेवकांनी डोक्यावरच्या तारांना परवानगी दिली.

बँकांच्या तिजोऱ्या अजून तापलेल्या, उघडता येत नव्हत्या. म्हणून कॅलहूनने दोन लाख डॉलर सरकारी टांकसाळीमार्फत तारेने मागवले. ते कंपनीचा मुख्य वकील टायरी फोर्ड याच्या नावे आले. हा फोर्ड आधी कॅलिफोर्नियाचा ॲटर्नी जनरल होता. फोर्डने ते रोख काढून रूफला दिले. रूफने त्यातले ८५ हजार गॅलघर नावाच्या नगरसेवकामार्फत इतरांत वाटले. बहुतेकांना चार-चार हजार. उरलेले महापौर आणि तो.

आता साखळी नीट पाहा. कॅलहून फोर्डला पैसे देतो, फोर्ड रूफला देतो, आणि रूफ कंपनीच्या पगारावरचा सल्लागार वकील आहेच, रूफ गॅलघरला देतो, गॅलघर नगरसेवकाला. चार हात आहेत, आणि त्यांत कुठेही 'लाच' हा शब्द उच्चारलेला नाही. रूफ पुढे सांगत राहिला की फोर्डने मला कधीच म्हटलं नाही, हे नगरसेवकांना द्या. ही माझी फी होती. फीचं मी काय करायचं तो माझा प्रश्न.

पुढे खटले उभे राहिले तेव्हा नेमकं इथेच सारं अडलं. सरकारी बाजूने फ्रान्सिस हेनी हा धडाडीचा वकील होता, विल्यम बर्न्स हा गुप्तहेर होता, रुडॉल्फ स्प्रेकल्स या धनिकाचा पैसा होता आणि 'बुलेटिन'चा संपादक फ्रीमाँट ओल्डर याची लेखणी. (याआधी रूफने एक कमाल केली होती. सरकारी वकील लँगडन चौकशी सुरू करतो म्हटल्यावर हंगामी महापौर गॅलघरकडून त्याला निलंबित करवून त्या जागी स्वतःची नेमणूक करून घेतली! स्वतःवरच्या आरोपांचा सरकारी वकील स्वतःच. कोर्टाने ते चालू दिलं नाही.) मार्च १९०७मध्ये नगरसेवकांनी कबुलीजबाब दिले आणि माफीचे साक्षीदार झाले. मग रूफलाही माफीचा करार देऊ केला गेला; दोन रब्बी त्यासाठी मध्यस्थ होते. अट अशी की संपूर्ण सत्य सांगायचं. रूफने सांगितलं: पैसे घेतले, वाटले, सगळं खरं, पण वरच्यांनी मला लाच द्या असं सांगितलेलं नाही. हेनी म्हणाला, हे संपूर्ण सत्य नव्हे. करार मोडला.

आमच्या मते रूफ इथे खरं बोलत होता. त्याच्या कारकिर्दीतलं बहुधा हेच सर्वांत महत्त्वाचं सत्यकथन, आणि यासाठीच त्याला शिक्षा झाली. फोर्डने तसं म्हटलं नसणारच. म्हणावं लागलं असतं तर रूफची गरज काय होती? नगरसेवकांपर्यंत पैसे पोचवायला कोणीही चाललं असतं. पॅसिफिक स्टेट्स या टेलिफोन कंपनीने तसं केलंही होतं. हॅल्सी नावाच्या आपल्या माणसाकरवी तिने नगरसेवकांना परस्पर पैसे चारले. तिकडे तिची प्रतिस्पर्धी होम टेलिफोन कंपनी रूफला १ लाख २५ हजार डॉलर देऊन बसली होती. काही सदस्यांनी दोन्हींकडून घेतले आणि मत दिलं रूफच्या अशिलाला. पण यातली महत्त्वाची बाब अशी की थेट गेलेल्या पैशाचा माग थेट लागला. रूफमार्फत गेलेला पैसा 'फी' या शब्दापाशी येऊन थांबला.

सगळे म्हणतात रूफने वशिला विकला. आम्ही म्हणतो त्याने न जाणण्याची सोय विकली. कंपनीच्या अध्यक्षाला आपला पैसा कुठे जातो ते विचारावं लागू नये, आणि विचारलं नाही म्हणून तो सज्जन राहावा, याची किंमत ते दोन लाख. हे काम वकिलालाच करता येतं, गुंडाला नाही. अशिलाने वकिलाला पैसे देणं निषिद्ध नाही आणि वकिलाने हिशेब जाहीर करणं अपेक्षित नाही. व्यवसायाचे दोन उत्तम नियम शेजारी ठेवले की मधे जी फट राहते, ती रूफला दिसली. बुद्धी त्याची असामान्य होती याबद्दल आम्हांला शंका नाही. आपल्याकडे हल्ली याला 'लायझनिंग' म्हणतात आणि त्याचं रीतसर बिल येतं.

कॅलहूनच्या बाबतीत कान्टचा इशारा अक्षरशः खरा झाला. नगरसेवक हे कामगारवर्गातले, त्यांच्यावर आरोप होते तोवर शहरातली प्रतिष्ठित मंडळी टाळ्या वाजवत होती. खटले कंपन्यांच्या अध्यक्षांपर्यंत पोचले आणि वारं फिरलं. स्प्रेकल्स आणि ओल्डर यांना क्लबांत टाळू लागले. फोर्डच्या पहिल्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही, नंतर तो सुटला. १९०९मध्ये कॅलहूनच्या खटल्यातही एकमत झालं नाही. ज्युरीतले दहा जण निर्दोष म्हणत होते. नवा सरकारी वकील निवडून आला आणि उरलेले खटले निकालात निघाले.

श्मिट्झची कथा तर कायद्याच्या विद्यार्थ्यांनी वाचावी अशी. रेस्टॉरंट प्रकरणात त्याला खंडणीसाठी पाच वर्षांची शिक्षा झाली. जानेवारी १९०८मध्ये वरच्या कोर्टाने ती रद्द केली. कारणं अशी की परवाना अडवण्याची धमकी ही कायद्याच्या भाषेत मालमत्तेला बेकायदा इजा करण्याची धमकी होत नाही. शिवाय श्मिट्झ हा महापौर होता असं आरोपपत्रात लिहिलेलंच नव्हतं! सारं शहर ज्याला तीनदा निवडून देतं तो महापौर आहे हे कोर्टाला ठाऊक नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही हा निकाल कायम ठेवला. यावर सणसणीत टीका कोणी केली असेल? त्याच विगमोरने, रूफच्या तरुणपणीच्या मित्राने. न्यायालयाने उघड सत्य माहीत नसल्याचा आव आणणं आणि कॅलहूनने फोर्डला न विचारणं, यांत आम्हांला तरी फार अंतर दिसत नाही.

रूफच्या लाचप्रकरणी खटल्यात, नोव्हेंबर १९०८मध्ये, भर कोर्टात हेनीच्या डोक्यात गोळी घातली गेली. गोळी घालणारा, पूर्वी शिक्षा भोगल्याचं उघड करून हेनीने ज्युरीतून काढलेला एक इसम. तो कोठडीत मेलेला सापडला. हेनी वाचला. पुढचं काम हायरम जॉन्सनने चालवलं, तो या कीर्तीवर नंतर राज्याचा गव्हर्नर झाला. १० डिसेंबरला रूफ दोषी ठरला. शिक्षा चौदा वर्षं. अपिलं संपून मार्च १९११मध्ये तो तुरुंगात गेला. एवढ्या मोठ्या मंडळींपैकी तुरुंगात राहिला तो हा एकटा.

आणि आता या गोष्टीतला आमचा आवडता माणूस, ओल्डर. ज्याने रूफला आत घालण्यासाठी वर्षानुवर्षं रान उठवलं, तोच रूफ आत गेल्यावर त्याला सोडा म्हणून लिहू लागला. ते आत्मकथन छापणाराही तोच. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. त्याचं म्हणणं असं की एका माणसाला पिंजऱ्यात घालून शहर स्वतःला शुद्ध समजतं आहे. हे म्हणणं उदार आहे, आणि अर्धं बरोबरही आहे. शहराचा एक बळी देऊन सुटण्याचा डाव त्याने ओळखला, आणि रूफ ज्यू असल्यामुळे तो बळी म्हणून किती सोयीचा होता हेही विसरता येत नाही. पण ओल्डर यातून पुढे 'परिस्थितीने घडवलेला माणूस' इथवर जातो, तिथे आम्ही त्याच्याबरोबर जात नाही. व्यवस्था दोषी म्हटली की 'मी चाललो तो रस्ता' हे शीर्षक खरं ठरतं, आणि रूफला तेच हवं होतं. फटीचा शोध व्यवस्थेने लावला नाही. तो एका हुशार माणसाने बसून लावला, आणि दुसऱ्या एका माणसाने, ज्याला विचारणं शक्य होतं, विचारलं नाही. दोघांना नावं आहेत. ओल्डरने रूफला सोडा म्हणण्याऐवजी कॅलहूनलाही आत घाला असं म्हणत राहायला हवं होतं. तो थकला असावा. त्याला दोष देण्याचा आमचा अधिकार नाही, पण युक्तिवाद म्हणून तो चुकलेला आहे.

रूफ १९१५मध्ये सुटला. श्मिट्झ त्याच सुमारास पुन्हा राजकारणात आला. महापौरपद मिळालं नाही, पण लोकांनी त्याला पुढे नगरसेवक म्हणून निवडून दिलं. कोलंबस अव्हेन्यू आणि कर्नी स्ट्रीटच्या कोपऱ्यावर तांब्याचा हिरवा झालेला एक अरुंद, देखणा इमला आहे, सेंटिनेल बिल्डिंग. आपली बे एरियातली मंडळी तिच्यावरून शेकडो वेळा गेली असतील. तिच्या वरच्या मजल्यावर रूफचं कार्यालय होतं. आज ती इमारत 'गॉडफादर'च्या दिग्दर्शकाची, कोपोलाची, म्हणून ओळखली जाते.

वकिली करण्याची मुभा रूफला आता नव्हती. त्याने जमीनजुमल्याचा व्यवसाय थाटला आणि दारावर पाटी लावली: 'ए. रूफ. कल्पना, गुंतवणूक आणि स्थावर मालमत्ता'. पहिला शब्द 'कल्पना'. १९३६च्या २९ फेब्रुवारीला तो वारला, तेव्हा दिवाळखोर होता.

आता आपले प्रश्न घेऊ. मागे बसलेल्यांनी जरा मोठ्याने विचारावं.